तोरणमाळचं तळं आणि यंदाचा कोमट हिवाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याचा भाचा, सुरतेच्या मावसबहिणीचे यजमान, सुनेच्या माहेरची मंडळी, सगळ्यांना तोरणमाळचं काहीतरी विचारायचं असतं, कारण मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात राहतो आणि सातपुड्यातलं हे थंड हवेचं ठिकाण शहाद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एरवी प्रश्न असायचा, "मामा, खोली मिळेल का?" यंदा पहिलाच प्रश्न असतो, "मामा, थंडी आहे का?" नाही. दिवाळीनंतर काढलेली गोधडी पायाशी घडी घालून तशीच पडली आहे आणि रात्री पंखा एकवर असतो. बाजारात जो भेटेल तो म्हणतो, "यंदा थंडी पडनीच नही भाऊ." रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. भाच्याने आणखी प्रश्न विचारले तर त्यांचीही भर घालीन.

यंदा खरंच थंडी नाही, की लोक उगाच बोलतात?

खरंच नाही. गार वाटणं आणि थंडी पडणं यात फरक आहे. हवामान खातं सपाट भागात थंडीची लाट तेव्हा म्हणतं, जेव्हा किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जातं आणि त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असतं. आमच्या तापीकाठी असे चार-दोन दिवस दर हिवाळ्यात यायचेच. सकाळी नळाखाली हात धरवायचा नाही, चौकात टायर जाळून माणसं उभी असायची. यंदा चौकातला चहावाला सकाळी सातला अर्ध्या बाहीच्या शर्टात असतो. दुपारी तर ऊन चटकतं.

मग थंडी गेली कुठे?

खान्देशात थंडी पिकत नाही, ती उत्तरेकडून येते. हिमालयात बर्फ पडतो, तिथला कोरडा गार वारा राजस्थान, गुजरात, माळवा ओलांडून सातपुड्यावरून आमच्याकडे उतरतो. हा वारा सलग चार-पाच दिवस वाहिला की पारा घसरतो. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून जातात, तेव्हा मात्र गणित उलटं होतं. झंझावात जवळ येतो तेव्हा उत्तरेचा वारा पडतो, दक्षिणेकडून नाहीतर पूर्वेकडून दमट हवा यायला लागते आणि आभाळ भरतं. तो पुढे सरकला की एक-दोन दिवसांत पुन्हा उत्तरेचा वारा सुटतो आणि थंडी पडते.

अशा वेळी एकामागून एक झंझावात आले, किंवा बंगालच्या उपसागराकडून ओल येत राहिली, तर आभाळ मोकळं व्हायला सवडच मिळत नाही. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता आभाळाकडे सोडते. वर ढग असले की त्यातली बरीचशी परत खाली येते. त्यामुळे दुपार फारशी तापली नाही तरी रात्र उबदारच राहते.

एका हिवाळ्यावरून हवामानबदलाचं भाषण मी ठोकणार नाही. पण २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सगळ्यात जास्त निघालं होतं. असे हिवाळे आता अधूनमधून येणार, हे धरूनच सहली ठरवलेल्या बऱ्या.

गोठलेलं दव बघायला मिळेल का? मोबाईलवर फोटो आला होता.

निम्मे लोक याचसाठी येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कडाक्याच्या थंडीत तोरणमाळला, आणि तिकडे अक्कलकुवा तालुक्यात डाब, वालंब्याच्या बाजूला, पहाटे गवतावरचं दव गोठतं. गवताची पाती पांढरी होतात, गाडीच्या टपावर, पेंढ्यावर साखर पेरल्यासारखा थर दिसतो. पेपरात "सातपुड्यात बर्फाची चादर" असा मथळा येतो आणि पुढच्या शनिवारी घाटात गाड्यांची रांग लागते. चादर वगैरे काही नसते. ऊन लागलं की अर्ध्या तासात सगळं पाणी होतं, त्यामुळे आठला उठून, चहा पिऊन, आवरून निघालेल्या माणसाला ओलं गवत दिसतं.

असं दव गोठायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा अजिबात नाही आणि आदल्या दोन-तीन दिवसांत उत्तरेचा वारा येऊन गेलेला. हवेचं तापमान शून्यावर यायलाच हवं असंही नाही. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या पेटीत असतो. निवांत, निरभ्र रात्री गवताचं पातं त्या हवेपेक्षा चार-पाच अंशांनी जास्त गार होऊ शकतं. म्हणून पेपरात किमान ४ अंश छापलेलं असतं आणि खाली दव गोठलेलं असतं. दोन्ही खरं.

यंदाच्या ढगाळ रात्रींत हे होणं अवघड. फक्त त्यासाठीच यायचं असेल तर खोली आधी बुक करू नका. उत्तर भारतातून झंझावात गेल्याची बातमी आली आणि त्यानंतर आभाळ मोकळं झालं, की दुसऱ्या-तिसऱ्या पहाटेचा नेम धरा. तरी हमी मी देणार नाही.

पण तोरणमाळ उंचावर आहे. तिथे तरी गार असेल ना?

दुपारी आणि संध्याकाळी नक्की. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे. शहाद्याहून आपण जवळजवळ हजार मीटर चढतो. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश हा ढोबळ हिशोब, म्हणजे शहाद्यात घाम येत असेल तेव्हा वर पंख्याची आठवणही होत नाही.

पहाटेचं मात्र वेगळं असतं. गार हवा जड, ती रात्री उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. म्हणून कधी डोंगराच्या माथ्यापेक्षा त्याच्या कुशीतलं तळ्याकाठचं गवत जास्त गार असतं, आणि कधी तर खालच्या मैदानातही डोंगराइतकीच थंडी असते. एकदा आम्ही घाटाखालच्या म्हसावदला कुडकुडत चहा घेतला आणि वर जाऊन मफलर काढले.

मग यायचं की नाही? सरळ सांगा.

या. थंडी बघायला येत असाल तर थांबा, तळ्यासाठी येत असाल तर यंदासारखं वर्ष नाही. कडक हिवाळ्यात तोरणमाळला सूर्य टेकला की सगळे खोल्यांत पळतात. तळ्यावर कुत्रंही नसतं. यंदा रात्री साडेआठपर्यंत काठावर बसता येतं, लहान मुलं आणि म्हातारी माणसंही बसतात. गेल्या आठवड्यात माझी पंच्याहत्तरीची आत्या दीड तास काठावरच्या दगडावर बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिने गाडीची काचही खाली करू दिली नव्हती.

तळं नेमकं कसं आहे?

नाव यशवंत तलाव. डोंगरमाथ्यावरच्या वाटीत पसरलेलं मोठं पाणी, भोवती टेकड्या आणि झाडी. लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या तळ्याची कल्पना घेऊन येऊ नका. घोडे, मक्याची कणसं, फुगे मारायची बंदूक, यातलं जवळजवळ काही नाही. टपऱ्या आहेत, मोजक्याच.

पहाटे साडेसहाला जा. थंडी असते त्या वर्षी पाण्यावरून वाफ उठते, कारण पाणी दिवसाची ऊब धरून असतं आणि वरची हवा झपकन गार होते. यंदा ती वाफ जवळपास नाही. त्या बदल्यात पाणी असं निवांत असतं की समोरची टेकडी उलटी, पानापानासकट दिसते. त्या दिवशी आम्ही उभे होतो तेव्हा एका पावरा बाईने काठावर कळशी बुडवली. त्या एका बुडबुड्याच्या आवाजासरशी टेकडी मोडली आणि ती कळशी डोक्यावर घेऊन चढण चढून जाईपर्यंत पुन्हा जुळली. आमच्यातल्या कुणालाही मोबाईल काढायचं सुचलं नाही, ते बरंच झालं.

दुसरं छोटं तळं आहे, कमळ तलाव. पावसाळ्यात त्याचं वाहून जाणारं पाणी सीताखाईत उतरतं. हिवाळ्यात तिथे धबधबा शोधू नका, धार बारीक होते किंवा नसतेच. सीताखाई मात्र बघाच. कड्यावर उभं राहून हाक मारली की परत येते, आणि पोरांना एवढं पुरतं. कठड्यापलीकडे जाऊ देऊ नका.

ऊन आहे, तर पोहता येईल का?

नाही. यंदा हा प्रश्न पहिल्यांदाच आला, आणि एकदा नव्हे, पाच वेळा आला. दुपारी वरचं वीतभर पाणी कोमट लागतं, खाली ते गारच असतं. काठाला गाळ आणि पाणवनस्पती आहेत, पाय अडकतो. खोली कुठे एकदम वाढते ते बाहेरून कळत नाही. जीवरक्षक नाही, आणि मोठा दवाखाना गाठायचा तर सगळा घाट उतरावा लागतो. पाय बुडवून बसा.

बोटिंग?

चालू असलं तर असतं. जॅकेट घातल्याशिवाय बसू नका आणि फाटकं जॅकेट दिलं तर बदलून मागा.

घाट कसा आहे? आम्हाला गाडी लागते.

नाव सात पायरी घाट, त्यावरूनच ओळखा. शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग चढ. वळणं एकावर एक चढवलेली आहेत, वरून बघितलं तर खालचा रस्ता दोरीचं वेटोळं टाकल्यासारखा दिसतो. गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं, पोटभर खाऊन निघू नये, आवळासुपारी जवळ ठेवावी. चढताना दुसऱ्या गिअरला लाज वाटून घेऊ नका. उतरताना इंजिनाच्या जोरावर उतरा, सारखा ब्रेक दाबून धरला की वास येतो आणि मग खाली राणीपूरला गाडी उभी करून चाकांवर पाणी मारत बसावं लागतं.

रेल्वेने येणार असाल तर सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार किंवा दोंडाईचा, तिथून एसटीने किंवा गाडीने शहादा. शहाद्याहून वर एसटी जाते, पण मोजक्या फेऱ्या. वेळ स्टँडवरच्या चौकशी खिडकीवर विचारा, नेटवरचं वेळापत्रक बघून आलेली माणसं मी दुपारभर बाकावर बसलेली पाहिली आहेत. पेट्रोल शहाद्यात भरा. रोख पैसे जवळ ठेवा, कारण वर मोबाईलची रेंज येते-जाते आणि रेंज गेली की फोनवरचे पैसेही जातात.

राहायची सोय कशी आहे?

पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, वन खात्याचं विश्रामगृह आहे, थोडी खासगी सोय आहे. खोल्या कमी, शनिवार-रविवारी आणि ३१ डिसेंबरला मिळणं मुश्कील. जमलं तर मंगळवार-बुधवार धरा.

बुकिंग झालं की फोन करून पक्कं करा आणि पावती कागदावर घ्या. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी पैसे भरून आम्ही नऊ माणसं रात्री आठला पोहोचलो, तर आमच्या दोन खोल्यांत दुसरंच कुटुंब जेवत बसलेलं. रजिस्टरमध्ये आमचं नाव होतं, तारीख पुढच्या आठवड्याची. चूक कुणाची यावर तासभर घातला. शेवटी त्या कुटुंबातल्या काकूंनीच एक खोली रिकामी करून दिली, वर आमच्या पोरांना खिचडी वाढली.

थंडी नाही, तर स्वेटर आणायची गरज नाही ना?

आहे. नुसता स्वेटर नको, कानटोपीही आणा.

असाच एक कोमट हिवाळा होता. शहाद्यात आठवडाभर ढगाळ. मी सगळ्यांना ऐटीत सांगितलं, शाली पुरेत, उगाच ओझं करू नका. संध्याकाळी तळ्यावर फार छान वाटलं. रात्री दोनला जाग आली ती दात वाजल्यामुळे. बाहेर आलो तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, चांदण्या अंगावर पडतील अशा, आणि वारा उत्तरेचा. झंझावात पुढे सरकला होता, म्हणजे वर सांगितलं तेच झालं होतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. पाच मोठी माणसं आणि चार पोरं, पांघरुणं सहा. बायकांनी साड्या दुहेरी करून पोरांवर घातल्या, मी आणि मेहुणा पहाटेपर्यंत जीपमध्ये बसून होतो, अधूनमधून इंजिन चालू करत. सकाळी गवत पांढरं होतं. सगळ्यांनी फोटो काढले, माझ्याशी मात्र दुपारपर्यंत कुणी बोललं नाही.

तेव्हा दुपारसाठी सुती कपडे आणि टोपी, रात्रीसाठी गरम कपडे. आभाळ मोकळं झालेलं दिसलं की आणखी एक पांघरूण मागून घ्या.

तळ्याकाठी तंबू ठोकून शेकोटी केली तर?

परवानगीशिवाय तंबू नाही, हा वनविभागाचा भाग आहे. शेकोटी जिथे राहता तिथल्या अंगणात, ठरलेल्या जागी, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवा. पावसाळा संपून दोन-अडीच महिने झालेत, डोंगरावरचं गवत कडकडीत वाळलंय. सातपुड्यात बिबट्या आहे. रात्री टॉर्च घेऊन "जरा चक्कर मारून येऊ" हे नको.

पक्षी दिसतील का? थंडी नाही म्हणून ते आलेच नसतील?

पाहुणे पक्षी इथली थंडी बघून येत नाहीत. त्यांच्याकडे उत्तरेत दिवस लहान होतात, पाणी गोठायला लागतं, अन्न संपतं, म्हणून निघतात. इथे पंखे चालू असले तरी ते आलेलेच असतात. उन्हाळा लवकर सुरू झाला तर परत लवकर जातील, एवढंच.

पण पक्ष्यांसाठीच यायचं तर तोरणमाळपेक्षा हतनूर गाठा. भुसावळजवळ तापीवरचं धरण, ४१ दरवाज्यांचं. मागे तापी आणि पूर्णेचा फुगवटा, उथळ पाणी, दलदल, गाळपेर. चक्रवाक, पट्टकादंब, तलवार बदक, वारकऱ्यांचे थवे, सगळे तिथे दिसतात. त्याच पाण्याच्या कडेला चांगदेवचं दगडी मंदिर आहे, तापी-पूर्णेच्या संगमावर. सकाळ पक्ष्यांना द्यायची आणि दुपार मंदिराला, असा आख्खा दिवस जातो.

खायला काय?

वर साधं मिळतं: पिठलं, भाकरी, शेवभाजी, कधी गावरान कोंबडी. आधी सांगून ठेवावं लागतं. आम्ही बहुधा भरताचं सामान घेऊनच जातो, आणि त्याबद्दल दोन शब्द जास्त लिहिणार आहे.

भरताची वांगी म्हणजे जळगावकडची, हिरवी-पांढुरकी, हातभर, बी कमी. बामणोद-आसोद्याची मिळाली तर प्रश्नच नाही. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ते उगाच नाही. वांग्याला टोचे मारायचे, तेलाचा हात लावायचा आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर टाकायचं. गॅसवर भाजलेलं भरीत मी खातो, नाही म्हणत नाही, पण पऱ्हाटीच्या धुराचा वास त्याला येत नाही. साल काळी पडून सुटायला लागली, देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं की झालं. गरम असतानाच साल काढायची, बोटं भाजली की फुंकर मारायची. मग गर लाकडी बडगीत घालून ठेचायचा. मिक्सरमधून काढला तर त्याचा खळ होतो. हिरव्या मिरच्या आणि लसूण वेगळे ठेचून तेलात परतायचे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात घालून फोडणी गरावर ओतायची. टोमॅटो घालणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेली. ज्वारी दादर असली तर उत्तम. पाहुणे असले की पुऱ्या. पानं केळीची. थंडी पडल्याशिवाय वांग्याला चव येत नाही असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात. यंदाच्या भरताला खरंच थोडी कमी चव होती, की आत्याने तसं म्हटल्यामुळे मला वाटलं, सांगता येत नाही. भांडं मात्र पुसलेलं होतं.

अशा हिवाळ्याचा शेतीवर काय परिणाम होतो?

हा प्रश्न पाहुण्यांपैकी कुणी विचारत नाही, म्हणून मीच घातला. येताना दोन्ही बाजूंना शेतं दिसतील, तेव्हा माहीत असावं. गव्हाला सुरुवातीला गार रात्री लागतात, त्याशिवाय फुटवे फुटत नाहीत. ऊब राहिली तर गहू घाईने ओंबीवर येतो आणि दाणा बारीक पडतो. हरभऱ्यावर ढगाळ हवेत घाटेअळी येते. आंब्याच्या मोहोराला तुडतुडे लागतात. शेतकरी "छान हवा आहे" या वाक्यावर तुमच्याकडे कसा बघतो, ते त्यामुळे कळेल.

केळीवाला मात्र खुशीत असतो. पारा दहा-बाराच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, घड नीट निसवत नाही. कडक थंडीच्या रात्री रावेर-यावलकडे बागांच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करतात, रात्रभर जागतात. यंदा ती जागरणं नाहीत. पण ढगाळ, दमट हवा टिकली तर करपा येतो, त्यामुळे तोही पूर्ण निश्चिंत नाही.

डोंगरातल्या पाड्यांवर जाऊन फोटो काढले तर चालतील?

विचारून. भिल्ल आणि पावरा लोकांची घरं आहेत ती, प्रदर्शन नाही. अंगणात शिरायच्या आधी हाक मारा. "नाही" म्हटलं तर नाही. पोरांना चॉकलेट वाटत फिरू नका, त्याऐवजी बाजारात त्यांच्याकडून काहीतरी विकत घ्या. डाबच्या बाजूला स्ट्रॉबेरी होते, हंगामात रस्त्यावर विकायला येते. भाव करू नका हो, दहा-वीस रुपयांसाठी.

सारंगखेड्याची यात्रा जोडून करता येईल का?

दत्तजयंतीच्या सुमारास येत असाल तर जरूर. तापीकाठी एकमुखी दत्ताचं देऊळ आणि घोड्यांचा मोठा बाजार, शहादा तालुक्यातच. एक दिवस यात्रा, दोन दिवस तोरणमाळ. उलट क्रम ठेवू नका, यात्रेची धूळ तळ्यावर जाऊन धुवायची. महाशिवरात्रीला मात्र तोरणमाळलाच गोरखनाथांची यात्रा असते, तेव्हा तळ्याकाठी शांतता शोधू नका.

घाट झेपणार नाही. दुसरं एखादं तळं?

जळगावात मेहरूण तलाव आहे, शहरातच, संध्याकाळी फिरायला चांगला. मेहरूणची बोरं खायची तर हाच हंगाम. रावेर तालुक्यात पाल, यावल अभयारण्याच्या बाजूला, सुकी धरणाचं पाणी आणि सातपुड्याची झाडी, ते मला तोरणमाळच्या खालोखाल आवडतं. धुळ्याचे लोक नकाणे तलावावर जातात आणि परत येऊन "आम्हीही तळ्यावर गेलो होतो" म्हणतात. म्हणू द्या.

किती दिवस पुरेत?

दोन रात्री. एका रात्रीत घाटाचा शीण उतरत नाही, तिसऱ्या दिवशी पोरं मोबाईलची रेंज शोधत फिरतात.

सामानात काय विसरू नये?

कानटोपी, टॉर्च, रोख पैसे, आवळासुपारी, नेहमीची औषधं, कचरा परत आणायला एक मोठी पिशवी. वांगी शहाद्यात मिळतील, पऱ्हाटी मी देईन, अंगणात ढीग पडलाय. बडगी तुमची तुम्ही आणा. आत्याची दिली होती ती भाच्याच्या गाडीतून पुण्याला गेली आणि तिथे आता तिच्यात मनीप्लांट लावलाय असं कळलं. आत्याला अजून सांगितलेलं नाही.